बोरांच्या दिवसांत ससा

आई,

इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसले ते एका कोल्हिणीमुळे. जरा बरं कारण असतं तर शोभलं असतं, पण नाही. वारज्याला आमच्या सोसायटीमागे टेकडी आहे. तू होतीस तेव्हा तिथे नुसतं कुसळी गवत होतं, आता निम्म्यापर्यंत इमारती चढल्यात. त्या टेकडीवर ही कोल्हीण राहते. कुणीतरी डुकरासाठी नाहीतर सशासाठी मोटरसायकलच्या क्लचच्या वायरीचा फास लावला होता, त्यात हिची मान गेली. हिसके देऊन देऊन तिनं वायर तोडली, पण फास गळ्यातच राहिला आणि रोज थोडा थोडा आत रुतत गेला. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ती दिसायची. मान वाकडी, एका बाजूची कातडी उघडी. लोक फोटो काढायचे आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे. खाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकायचं की झालं.

आमच्या खालच्या मजल्यावर जनावरांची डॉक्टर राहते. बिबवेवाडीची मुलगी, लग्न होऊन इकडे आलेली. जखमी रानटी जनावरं सोडवणारा एक गट आहे, त्यात ती काम करते. एके दिवशी दुपारी ती दारात उभी. "काकू, गणपतीत तुम्ही सांगत होतात ना, तुमच्या आई कोल्ह्यांना हाका मारायच्या? तुम्हाला येतं का ते?" मी म्हटलं, "येतं, पण मी रिटायर झालेय." ती काही हसली नाही. म्हणाली, "आठवडाभरात वायर निघाली नाही तर ती मरणार. आम्ही पिंजरा लावून बघितला, आत कोंबडी ठेवली, ती पिंजऱ्याला चक्कर मारते आणि निघून जाते. गुंगीचं इंजेक्शन लांबून मारता येतं, पण त्यालाही ती जवळ तर यायला हवी." मी तिला आत बसवलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत माझं ठरलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला मी आई, दिवसभर माझा आवाज लोकांच्या कानात. नोकरी संपल्यापासून माझ्या आवाजाशी कुणाचं काही काम पडलं नव्हतं. त्यामुळे थोडी फुशारलेच, म्हणेनास का.

तुझं माहेर सासवडच्या पलीकडचं. भुईमुगाच्या राखणीला माळ्यावर बसून बसून तू हे शिकलीस. शिकवलं कुणी नाही, करमत नाही म्हणून शिकलीस. मुठीच्या मागच्या कातडीला ओठ लावून हवा ओढायची, की पकडलेल्या सशाचं किंचाळणं निघतं. घशात जीभ मागे ओढली की कोंबडी. नाकातून करडू. लग्न होऊन शनिवार पेठेत आलीस, दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी, आणि हे सगळं पोटात ठेवून बसलीस. एकदा स्वयंपाकघरात वांगी चिरता चिरता मला हसवायला तू ससा काढलास. मी इतकी हसले की मला उचकी लागली. थोड्या वेळानं खालच्या काकू वर आल्या. "अहो, तुमच्याकडे काय चाललंय? आमची मांजर मघापासून तुमच्या दारात बसलीये, हलायला तयार नाही. दूध घातलं तरी बघत नाही." तू विळीवरून मान वर न करता म्हणालीस, "बसू द्या की वो. सावली हाय हितं." त्या गेल्यावर पदरात तोंड घालून हसलीस ते मला अजून दिसतं.

बाबांना हे कळलं आणि तिथून शिकारीचे रविवार सुरू झाले. बाबांचे एक मित्र, कापडदुकानवाले काका, त्यांच्याकडे जीप आणि परवान्याची बारा बोअरची बंदूक. कोल्हे भुईमुगाच्या शेंगा उकरतात, ऊस कुरतडतात, म्हणून शेतकरी यांना बोलवायचे, दुपारी जेवायला घालायचे आणि येताना पाटीभर पेरू द्यायचे. कायद्याचं तेव्हा कुणी विचारत नव्हतं. काकांना आणखी एक हाव होती. कोल्ह्याच्या डोक्यात शिंग असतं आणि ते गल्ल्यात ठेवलं की धंद्याला बरकत येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मेलेल्या प्रत्येक कोल्ह्याची टाळू ते बोटांनी चाचपून बघायचे. बाबा म्हणायचे, "आरामात शोध. नाही सापडलं तर तुझ्या डोक्यावर बघू." पण हे दोघे बंदुकीचे शूर. कोल्हा त्यांच्या टप्प्यात आणून द्यायचीस ती तू. बाबा लोकांना सांगायचे, "कोल्हे आमच्या मंडळींचं ऐकतात, मी आपला सोबतीला." ते चेष्टेत म्हणायचे, पण खोटं नव्हतं ते.

घरी ठेवायला कुणी नाही म्हणून मी बरोबर. नऊवारीचा काचा आवळून तू बाभळीच्या बुडाशी बसतेस, मी तुला चिकटून. ते दोघे मागे, झुडपाआड. आणि आवाज काढायच्या आधी तू काय करतेस, तर आजूबाजूला फिरून कोल्ह्याच्या लेंड्या शोधतेस. काडीनं फोडून बघतेस. काकांना त्याची किळस. ते म्हणतात, "वहिनी, हे काय सोनं शोधताय?" तू मला म्हणतेस, "आदी लेंड्या बघायच्या, मग त्वांड उघडायचं. त्यानं काल काय खाल्लं त्येच त्याला आज हवं आसतंय." लेंडीत केस असले तर ससा. पिसं असली तर कोंबडी. गावाकडच्या बाजूला, शेळ्या व्यायच्या दिवसांत, करडू. आणि बोरांच्या दिवसांत लेंड्या नुसत्या बियांच्या, तेव्हा हाक मारूच नये. "बोरांच्या दिसांत ससा काढायचा म्हंजे जेवून उठलेल्याला ताट वाढायचं," हे तुझं वाक्य. बाकीचंही माझ्या डोक्यात पक्कं आहे. पहिली हाक हळू, कारण तो शेजारीच झोपलेला असला तर घाबरून पळेल. मग थांबायचं, इतकं थांबायचं की पायाला मुंग्या याव्यात. वारं तोंडावर घेऊन बसायचं, पण नजर पाठीमागे, कारण तो सरळ कधी येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून येतो. आणि एकदा फुकट गेलेला आवाज त्या जनावरावर पुन्हा चालत नाही.

एक दिवस असा. माघातली संध्याकाळ असावी, कापलेल्या ज्वारीचे सड दिसतायत. तू ससा काढतेस, हळू, दोनदा. मग काहीच नाही. मग तू माझ्या गुडघ्यावर बोट टेकवतेस, आणि मी बघते तर बांधावर दोन कान. तो येतो, थांबतो, पुन्हा येतो, इतका जवळ की त्याच्या मिशा दिसतात. मग मागून बार. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं, आई. माझ्या आईनं बोलावलं आणि तो आला, याचंच मला कौतुक. शाळेत कुणाच्या आईला असलं काही येत नव्हतं.

तर त्या डॉक्टरबरोबर मी टेकडीवर गेले. बरोबर गटातली चार पोरंपोरी आणि वनखात्याचा एक गार्ड. त्यांनी आधी त्यांचा प्रकार दाखवला. काळा डबा, त्यातून सशाचं किंचाळणं, खणखणीत, सगळी टेकडी दणाणेल इतकं. मी विचारलं, "हा ससा कुठला?" एक पोरगा म्हणाला, "नेटवरचा आहे काकू. अमेरिकेतला असेल." म्हटलं, "तरीच. इतक्या लांबून ओरडायचं म्हणजे जोर लावणारच." डॉक्टर सोडून सगळे हसले. तिचं लक्ष वरच्या खडकाकडे होतं. तिथे कोल्हीण उभी होती. दुर्बिणीतून मी पहिल्यांदा नीट पाहिली. वायर दिसतच नव्हती. गळ्याभोवती नुसती लाल चीर आणि तिच्यावर माशा. मान हलवली की तिचं तोंड आपोआप उघडत होतं. मला एकदम भडभडून आलं. डॉक्टर म्हणाली, "काकू, करा." मी बसले, वारं तोंडावर घेतलं, मुठीला ओठ लावले आणि ससा काढला. आला गं. इतक्या वर्षांनी पहिल्या झटक्यात आला, आणि अगदी तुझा आला. कोल्हिणीनं एक कान वळवला. बस, तेवढंच. मग मी कोंबडी काढली. त्यावर तिनं चक्क जांभई दिली. जखमेनं तोंड पुरतं उघडेना, तरी दिली. आणि मागे वळून गेली.

पोरं माझ्याकडे बघायचं टाळत होती. डॉक्टर "इट्स ओके काकू" म्हणाली, म्हणजे नव्हतंच ओके. दोन आवाज माझे फुकट गेले होते, डब्यातला तिसरा. एकेक संध्याकाळ तिच्या आयुष्यातून जात होती. तेव्हा कुठे मला आठवलं की मी लेंड्या बघितल्याच नव्हत्या. तू असतीस तर तिथेच माझी वरात काढली असतीस. उजेड होता तोवर मी आणि गार्ड खडकामागे शोधत फिरलो. बोरी लगडलेल्या होत्या, जमिनीवर बोरांचा सडा, पण लेंडीत एक बी नाही. केस नाहीत. होती ती पांढरी पिसं, हाडांचा चुरा, चांदीच्या कागदाचा तुकडा, रबरबँड आणि पिशवीचं काळं प्लॅस्टिक. गार्ड म्हणाला, "अहो मॅडम, चिकनवाल्यांचा माल आहे हा. रोज संध्याकाळी मागच्या ओढ्यात पोती रिकामी करतात. आम्ही पोचेपर्यंत पसार." मग कोंबडी का चालली नाही? मी तिथेच खडकावर बसून राहिले. डॉक्टर म्हणाली, "काकू, अंधार पडतोय." म्हटलं, "पडू दे." आणि मग टाळक्यात उजेड पडला. या बाईनं ओरडणारी कोंबडी कधी खाल्लीच नसणार. हिची कोंबडी मेलेली, सोललेली, पोत्यातून येते. हिच्या लेखी जेवणाला आवाज आहे तो कोंबडीचा नाही, ते आणणाऱ्या गाडीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या चिकनवाल्याकडे गेलो. मी, डॉक्टर, आणि बाहेर स्कूटरवर गार्ड, कारण त्याला आत नेलं असतं तर दुकानदार बोललाच नसता. डॉक्टरनं सरळ विचारलं, "संध्याकाळी ओढ्यात माल टाकायला तुमचा टेम्पो जातो ना?" दुकानदारानं सुरी पुसली. "कुठला ओढा? आम्ही काही टाकत नाही ताई. आमचा माल कॉर्पोरेशनच्या गाडीत." डॉक्टर समजावायला लागली, दंडाचा विषय नाही, अमुक नाही, तमुक नाही. तो "आम्ही नाही त्यातले" यावर ठाम. शेवटी मी म्हटलं, "बरोबर आहे, तुम्ही टाकत नाही. मग असं करा, जो टाकतो त्याच्या टेम्पोसारखाच दिसणारा तुमचा टेम्पो आज संध्याकाळी आम्हाला द्या. तो जिथे थांबत नाही तिथे थांबवा, आणि तो जे करत नाही ते करा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं. मग विचारलं, "तीच का, गळ्यात वायर असलेली?" म्हटलं, "तीच." त्यानं सुरी खाली ठेवली. म्हणाला, "आमची पोरं तिला राणी म्हणतात. साडेसहाला येतो. पण फोटोत मी नको."

टेम्पो आला. ओढ्याच्या काठी रिव्हर्स घेताना त्याची ती किनरी धून वाजायला लागली, तू ऐकली नाहीस कधी, आता गाड्या मागे जाताना गातात. मग त्यानं मागचं फळकूट धाडकन पाडलं आणि पिंप पत्र्यावर आपटलं. डॉक्टर गवतात पालथी, बंदूक खांद्याला. मी तिच्या शेजारी, सवयीनं मागे वाऱ्याखाली बघत. आणि आई, ती समोरून आली. वळसा नाही, थांबणं नाही, कान टवकारणं नाही. दुखरी मान खाली घालून, दुडक्या चालीनं, आपल्या घरी जेवायला यावं तशी सरळ आली. मला त्याचीच जास्त भीती वाटली. डॉक्टरनं फट्‌ केलं, ती दचकली, चार पावलं गेली, बसली, आणि मग आडवी झाली. दुकानदार टेम्पोतून उतरून "मेली काय, मेली काय?" करत धावत आला. त्याला गार्डनं धरून ठेवलं. तोपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की हा खाकीवाला कोण.

वायर काढताना मी टॉर्च धरला होता. वासच इतका होता की आधी तोच सोसायचा होता. कातडी वायरीवरून वाढून आली होती. डॉक्टरनं ती इतकी हळू सोडवली, जणू रेशमाचा गुंता काढतेय. शेवटचा पीळ कापल्यावर कोल्हिणीनं गुंगीतच एक लांब श्वास घेतला. सगळ्यांनी ऐकला तो. गार्ड तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टर म्हणाली, "जगेल बहुतेक." आणि मग तिथेच जमिनीवर बसून मुलगी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही रडायचं होतं, पण दोघींनी एकदम रडून कसं चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना मला ती जांभई आठवली आणि मी हसायला लागले. आणि हसता हसता थांबले. कारण तशी जांभई मी आधी पाहिली होती, तुझ्या मांडीशी बसून. शिकारीतला तुझा तो शेवटचा हिवाळा आठव. ओळीनं सगळे रविवार हे लोक रिकाम्या हातानं परत आले. कोल्हे दिसायचे, बांधावर उभे राहायचे, ऐकायचे, जांभई द्यायचे आणि निघून जायचे. आधीच्या पावसाळ्यात तुझे पुढचे दोन दात काढले होते. काका म्हणाले, "वहिनींचा आवाज गेला." बाबा म्हणाले, "कवळी बसवून घे, नाहीतर कोल्ह्यांना चिठ्ठी पाठवावी लागेल." आणि तू पदर ओढून म्हणायचीस, "व्हय, दातातनं वारं निसटतंय." पण इकडे गॅसवर दूध उतू गेलं आई, कारण मला सगळं एकदम दिसलं. तू त्या हिवाळ्यात वाऱ्याकडे पाठ करून बसायचीस. पहिली हाक खच्चून मारायचीस. लेंड्या मात्र रोज बघायचीस, नीट, काडीनं फोडून. त्या बियांनी भरलेल्या असायच्या आणि तू उठून ससा काढायचीस.

मला तेव्हाही कळलं होतं की काहीतरी चुकतंय. मी हुशार, तुझी पाठ केलेली वाक्यं मला येत होती. एकदा मी कुजबुजले, "आई, बोरं आहेत की. ससा कशाला?" तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की डोळ्यात पाणी आलं. चार दिवस हिरवानिळा डाग होता. त्या चिमट्याचा राग मी किती वर्षं धरला होता, तुला सांगू नये. बरोबर बोलले म्हणून मार खाल्ला, हे काही माझ्यानं विसरता येईना. आता कळतंय की माझं जरा मोठ्यानं निघालं असतं तर मागच्या झुडपात ऐकू गेलं असतं.

हे तू का केलंस, ते तू कधी बोलली नाहीस. मला एकच आठवतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, एका रविवारी परत आल्यावर, स्टोव्हवर तवा ठेवून तू भाकरी थापत होतीस. बाबा बाहेर गॅलरीत. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्ये माझ्याकडं बघत आलं." मी विचारलं, "कोण?" म्हणालीस, "ताट घे." त्यानंतर तू घरी बसली असतीस तरी चाललं असतं. पण मग त्यांनी तुझ्याशिवाय काहीतरी सोय केली असती, कुणी दुसरा हाकाऱ्या आणला असता. तू तसं केलं नाहीस. तू दर रविवारी ठेचा-भाकरी बांधून जीपमध्ये बसलीस, माळावरचं वारं खाल्लंस, जीव तोडून चुकीचा आवाज काढलास, आणि संध्याकाळी दातांना दोष देत घरी आलीस. पुढच्या वर्षी ते दोघेच कंटाळले आणि पत्ते कुटायला लागले. आई, काय बाई होतीस गं तू. आणि हे मला तू असताना कळायला हवं होतं, तुला नुसतं एक "कळलं हं" म्हणता आलं असतं.

जखम भरल्यावर परवा कोल्हिणीला सोडलं. डॉक्टर, पोरं, गार्ड, आणि चेहरा न दाखवण्याच्या अटीवर दुकानदारही. पिंजऱ्याचं दार उघडलं, ती बाहेर आली आणि बोरींमधून वर चढायला लागली. मान सरळ. पोरांचे मोबाइल वर. निम्म्या चढावर ती आमच्याकडे पाठ करून थांबली. एक पोरगी म्हणाली, "काकू, एक हाक मारा ना! वळून बघितलं तर काय भारी व्हिडिओ येईल." दुकानदार म्हणाला, "मी धून वाजवू का? पळत येईल." म्हटलं, "तुम्ही आधी टेम्पोची किल्ली काढा आणि माझ्या हातात द्या." त्यानं मुकाट्यानं दिली. पण पोरं ऐकेनात, काकू प्लीज, काकू एकदाच. मी दोन पावलं सरकले, वारं पाठीवर घेतलं, मुठीला ओठ लावले आणि खच्चून ससा काढला.

ती वळली नाही. कानसुद्धा हलवला नाही, सरळ वर गेली आणि खडकामागे दिसेनाशी झाली. पोरगी हळहळली. "काकू, आवाज बसला का तुमचा?" म्हटलं, "हो गं, दातांमुळे. वारं निसटतं." डॉक्टरनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, कारण माझे सगळे दात माझ्या तोंडात आहेत आणि ते तिला दिसत होते. 

इतकं लिहून झाल्यावर आठवलं की तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायची. तेव्हा हे कुठे धाडायचा प्रश्नच नाही. आणि वाचून दाखवायला समोर बसले असते तर पुढचं एक वाक्य मी गाळलंच असतं. मुठीला ओठ लावले तेव्हा, चुकीचाच आवाज काढायचा हे ठरवूनसुद्धा, तिनं एकदा माझ्याकडे बघावं असं मला फार वाटलं.